हेमंत-शिशिरातील सायकल-व्यायाम : स्वाराची आणि सायकलीची पूर्वसिद्धता

दिवाळी सरून हवेत गारवा आला की आपल्या चिकित्सालयांत एक प्रश्न हमखास विचारला जाऊ लागतो. मेदोवृद्धीने त्रस्त झालेला चाळिशीचा गृहस्थ, रक्तशर्करा वाढलेली गृहिणी, सेवानिवृत्त शिक्षक, असे अनेकजण विचारतात, "वैद्यराज, थंडीत सायकल सुरू करू का?" बहुतेक वैद्य 'अवश्य करा' असे सांगून पुढील रुग्णाकडे वळतात. हे उत्तर शास्त्राला धरून आहे, यात शंका नाही. वाग्भटाचार्यांनी व्यायामासाठी शीतकाल आणि वसंत हेच ऋतू प्रशस्त मानले आहेत. हेमंतात तर कुशल मल्लांशी नियुद्ध करण्यासही ते सांगतात. तथापि हे उत्तर अपुरे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. सायकलीसंबंधी दुसरा एक शास्त्रादेश येथे आडवा येतो आणि त्याचा विचार क्वचितच केला जातो.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सहाव्या, म्हणजे तस्याशितीय अध्यायात, हेमंतात वर्ज्य करावयाच्या गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांत वातल व लघु अन्नपान, प्रमिताहार आणि प्रवात ही तीन नावे आहेत. प्रवात म्हणजे अंगावर येणारा जोराचा वारा. आखाड्यात दंड-बैठका काढणारा मल्ल चार भिंतींच्या आत, निवात जागी असतो. सायकलस्वार मात्र स्वतःच स्वतःसाठी प्रवात निर्माण करतो. बाहेर पान हलत नसले, तरी ताशी २० किलोमीटर वेगाने जाणाऱ्याच्या छातीवर, कपाळावर आणि हातांच्या बोटांवर तितक्याच वेगाचा वारा सतत आदळत असतो. तापमापकावर १० अंश सेल्सियस दिसत असताना अशा वाऱ्यात उघड्या त्वचेला ते सुमारे ७ अंशांसारखे जाणवते. सकाळी पोट रिकामे ठेवून निघणाऱ्याच्या बाबतीत प्रमिताहारही त्यात येऊन मिळतो. म्हणजे एकाच कृतीत एक विहित गोष्ट आणि दोन निषिद्ध गोष्टी एकत्र येतात. विहिताचा लाभ घ्यावयाचा आणि निषिद्धाचे निवारण करावयाचे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

महाराष्ट्रातील थंडी ती काय, असे कोणी म्हणेल. पण निफाड परिसरात पारा एक-आकडी होणे ही दरवर्षीची गोष्ट आहे. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत १० अंशांखालच्या पहाटा नवीन नाहीत. आणि नागपुरात २०१८ च्या डिसेंबरअखेर ३.५ अंशांची नोंद झाली होती. शिवाय आपल्याकडे दुपारी ३० अंश आणि पहाटे १० अंश असा जो एकाच दिवसातील फरक असतो, तो शरीराला आणि रबराला दोघांनाही जाचक होतो. हिमप्रदेशासाठी लिहिलेल्या परदेशी पुस्तकांतील खिळ्यांची टायरे व मिठाच्या रस्त्यांची चर्चा मात्र आपल्याला निरुपयोगी आहे.

कोणास सांगावे, कोणास थांबवावे

येथे आम्हांला थोडे अधिक थांबावयाचे आहे, कारण चूक झाल्यास ती जिवावर बेतू शकते. थंडीने त्वचेतील आणि अवयवांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचित होतात, रक्तदाब चढतो, हृदयावरील भार वाढतो. त्यात चढावर पायडल मारण्याचे श्रम आले, की ज्याच्या हृद्धमनींत आधीच अवरोध आहे, अशा व्यक्तीस प्रथमच छातीत जडपणा जाणवण्याची वेळ बहुधा हीच असते. असा रुग्ण आपल्याकडे येऊन काय सांगतो? "सकाळी सायकल चालवताना छातीत गॅस धरतो, थांबलो की मोकळे वाटते." हे वाक्य ज्या वैद्याने ऐकले, त्याने हिंग्वाष्टकाच्या डबीकडे हात नेऊ नये. श्रमाने येणारी आणि विश्रांतीने जाणारी छातीतील, जबड्यातील वा डाव्या बाहूतील वेदना ही आध्मान नव्हे. त्याची सायकल त्याच दिवशी बंद करावी आणि हृद्रोगतज्ज्ञाकडे चिठ्ठी देऊन पाठवावे. हेच औषधालयाच्या फळीवर उभ्या असलेल्या विक्रेत्यालाही ठाऊक असले पाहिजे. कारण असा माणूस वैद्याकडे येण्याआधी पुष्कळदा औषधालयातच जातो.

तमक श्वासाच्या रुग्णाची गोष्ट निराळी आहे. शीत व रूक्ष हवा वेगाने आत घेतली, की श्वासमार्ग आकुंचित होतो. व्यायाम थांबवल्यानंतर काही मिनिटांतच घुरघुर सुरू होते. अशा रुग्णास सायकल सर्वथा वर्ज्य नाही. त्याने नाकाने श्वास घेता येईल इतक्याच गतीने जावे, नाका-तोंडावर पातळ सुती वस्त्र बांधावे म्हणजे उच्छ्वासाची ऊब व ओल आत येणाऱ्या हवेला मिळते. आणि त्याच्या डॉक्टरांनी दिलेले श्वासमार्गे घ्यावयाचे औषध खिशात असू द्यावे. आपली चिकित्सा चालू आहे म्हणून ते घरी ठेवावयास सांगणे हा अविचार होय.

मधुमेही रुग्ण इन्सुलिन किंवा स्वादुपिंडास उत्तेजित करणाऱ्या गोळ्या घेत असेल, तर अनशनपोटी सायकल म्हणजे रक्तशर्करा एकाएकी उतरण्यास निमंत्रण. कंप, घाम, डोळ्यांपुढे अंधारी ही लक्षणे रस्त्याच्या मधोमध उद्भवली तर काय होईल, ते सांगावयास नको. खिशात गुळाचा खडा किंवा साखर हवीच. पायाची संवेदना मंदावलेल्या मधुमेह्यास पायमोजे व बंद पादत्राणांविना निघू देऊ नये. गार पडलेल्या पावलास ठेच लागल्याचे त्याला घरी येईपर्यंत कळत नाही.

वाग्भटाचार्यांनी वातपित्तामयी, बाल, वृद्ध आणि अजीर्णी यांना व्यायाम निषिद्ध सांगितला आहे. मग सत्तरीच्या गृहस्थाने सायकल चालवूच नये काय? आमच्या मते येथे अभ्याससात्म्याचा विचार करावा. जो आयुष्यभर सायकलनेच बाजारात गेला, त्याच्यासाठी सपाट रस्त्यावरील चार-पाच किलोमीटर म्हणजे व्यायाम नसून चेष्टा आहे. तीच चाळीस वर्षांनंतर भेट मिळालेल्या गिअरच्या सायकलीवर बसून गड चढू पाहणाऱ्यास लागू होत नाही. संधिवाताच्या रुग्णांना गुडघ्यावर देहभार पडत नसल्याने सायकल चालण्यापेक्षा पुष्कळदा मानवते. मात्र सीटची उंची योग्य हवी. पायडल सर्वांत खाली असता त्यावर टाच ठेवल्यास पाय सरळ व्हावा, म्हणजे पायाचा चवडा ठेवून चालविताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. सीट खाली असल्यास गुडघा प्रत्येक फेऱ्याला अवाजवी दुमडतो, आणि लोक दोष थंडीला देतात.

अर्धशक्तीचे माप

हेमंतात अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा, हे सर्वांना मुखोद्गत आहे. अर्धशक्ती ओळखण्याची लक्षणे ग्रंथांत दिली आहेत : श्वास तोंडाने येऊ लागणे, तसेच कपाळ, नाक, काखा व सांधे यांवर घाम येणे आणि मुखशोष. पण सायकलीवर यांपैकी घामाचे लक्षण फसवे ठरते, हे ध्यानात घ्यावे. समोरचा वारा कपाळावरचा घाम येताक्षणी सुकवितो; स्वारास वाटते, अजून घामच आलेला नाही, अजून जोर लावू. आतील गंजिफ्रॉक मात्र पाठीवर ओला झालेला असतो. म्हणून सायकलस्वाराने श्वासाचे लक्षण प्रमाण मानावे. शेजारच्या सोबत्याशी एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता येत आहे, तोवर मर्यादा पाळली जात आहे. वाक्य मध्येच तुटू लागले की उतरावे अथवा गती कमी करावी. मनगटावरच्या यंत्रांतील हृदयगतीचे आकडे ज्यांना आवडतात, त्यांनी ते पाहावेत. आम्हांला वाक्याची कसोटी अधिक सोयीची वाटते.

आरंभीची दहा मिनिटे हलक्या गिअरवर, किंवा गिअर नसल्यास सावकाश, केवळ सांधे व पेशी उबदार होण्यासाठी खर्च करावीत. घरातच गुडघे, घोटे व खांदे फिरवून निघाल्यास अधिक चांगले.

वेळ, हवा आणि नस्य

पहाटे पाच वाजता निघण्याचा अट्टाहास हा थंडीतील सायकलीचा सर्वांत मोठा दोष आहे, असे आम्ही मानतो. ब्राह्ममुहूर्ती उठावे, हे खरे. पण ब्राह्ममुहूर्ती रस्त्यावर असावे, असे कोणी सांगितलेले नाही. जानेवारीच्या मध्यास पुण्या-मुंबईत सूर्योदय सातनंतर दहा-पंधरा मिनिटांनी होतो. रात्रभर गार झालेल्या जमिनीलगतची हवा जड होऊन खालीच राहते. तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते आणि वाहनांचा धूर, शेकोट्यांचा व कचरा जाळल्याचा धूर त्या झाकणाखाली कोंडून राहतो. सूर्य वर येऊन जमीन तापू लागली की हा थर फुटतो. म्हणून मोठ्या शहरांत सूर्योदयानंतर अर्धा-पाऊण तासाने निघणे फुप्फुसांच्या दृष्टीने अधिक हितावह आहे, शिवाय थंडीही उतरलेली असते.

या संदर्भात प्रतिमर्श नस्याचे स्मरण करून द्यावेसे वाटते. सुश्रुताचार्यांनी प्रतिमर्शाचे जे चौदा काल सांगितले आहेत, त्यांत घरातून बाहेर पडण्याचा काल आहे. नासास्रोत स्निग्ध राहिल्याने धूळ व धूर बाधत नाहीत, हे त्याचे प्रयोजनही सांगितले आहे. सायकलस्वारासाठी याहून चपखल वचन सापडणे कठीण. अणुतैलाचे वा नुसत्या कोमट तिळतेलाचे एक-दोन थेंब प्रत्येक नाकपुडीत पुरेत. मात्रा वाढवू नये. नवप्रतिश्यायात व श्वासवेगात ते देऊ नये. धुरापासून संरक्षण म्हणून मात्र यावर सर्वस्वी विसंबू नये. सूक्ष्म धूलिकण रोखण्यास चांगला मुखपट्ट लागतो.

वस्त्र आणि आहार

एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ वस्त्रे बरी, कारण दोहोंमध्ये अडकलेली हवा ऊब धरते, आणि शरीर तापल्यावर वरचे काढताही येते. निघताना किंचित थंडी वाजत असेल तर वस्त्रे योग्य आहेत. घरातच उबदार वाटत असेल तर तीन किलोमीटरवर घामाने चिंब होण्याची तयारी ठेवावी. सर्वांत वर वारा अडविणारे पातळ जाकीट हवे. ते नसल्यास छातीवर स्वेटरच्या आत वृत्तपत्राची घडी घालण्याची सायकलशर्यतपटूंची जुनी रीत आजही तितकीच उपयोगी आहे. सिंहगडासारखा घाट चढून जाणाऱ्यांनी माथ्यावर पोहोचताच ओला गंजिफ्रॉक बदलावा आणि जाकीट चढवूनच उतारास लागावे. चढताना आलेला घाम आणि उतरतानाचा वेगवान वारा यांच्या संयोगाइतका पार्श्वशूल व प्रतिश्याय देणारा हेतू दुसरा नाही.

कान झाकणारी पातळ टोपी हेल्मेटखाली घालावी. मफलर व शाल यांबद्दल आमचा सक्त इशारा आहे. त्यांची सुटी टोके चाकात वा चेनमध्ये गुंतल्यास गळफास बसतो. ओढणी व साडीचा पदरही खोचलेला असावा, पायजम्याच्या उजव्या पायास पट्टी असावी. हातमोजे हवेत, बोटे गारठली की ब्रेक दाबावयास उशीर होतो. करंगळी व अनामिका बधिर होत असतील, तर तो दोष केवळ थंडीचा नसतो. हँडलवर तळहाताचा भार एकाच जागी पडून नाडीवर दाब येतो. पकड वारंवार बदलावी.

आहाराविषयी आपल्या वाचकांना अधिक काय सांगावे! हेमंतात अग्नी प्रबळ असतो आणि त्याला इंधन न मिळाल्यास तो धातूंनाच पचवू लागतो. दीर्घ रात्रीनंतर सकाळी भूक लागते, तिचा अव्हेर करून निघू नये. एखादा डिंकाचा वा तिळाचा लाडू, दोन खारका, नाहीतर रात्रीच्या बाजरीच्या भाकरीचा चतकोर लोण्यासह, एवढे अर्धा तास आधी घेतले तरी पुरे. पोटभर खाऊन मात्र निघू नये. परत आल्यावर, श्वास स्वस्थ झाल्यानंतर, न्याहारी करावी. थंडीत तहान मंदावते, घाम दिसत नाही, आणि स्वार पाणी पिण्याचे विसरतो. शुंठीसिद्ध कोमट पाणी बाटलीत न्यावे. न्याहारीनंतर येणारी गोड झोप मात्र टाळावी. ग्रीष्माखेरीज दिवास्वाप कफपित्तकर सांगितला आहे, आणि मेद झडावा म्हणून सकाळी सायकल मारून दुपारपर्यंत लोळणारे रुग्ण आम्ही कमी पाहिलेले नाहीत.

दोन तेलांची गल्लत

आपल्या व्यवसायबंधूंच्या दृष्टीने हा भाग विशेष महत्त्वाचा आहे. हेमंतात अभ्यंग नित्य करावा, हे आपण सर्वांना सांगतो. पण सर्वांगास तेल चोपडून लगेच सायकलीवर बसावे काय? नाही. तेलकट तळहातांतून हँडल निसटते, तेलकट तळपाय चपलेत घसरतो. त्याहून घातक म्हणजे ते हात चाकाच्या रिमला लागले, की ब्रेकच्या रबराची पकडच नाहीशी होते. उघड्या त्वचेवरील तेलावर रस्त्याची धूळ बसते, ते वेगळेच. आमचा परिपाठ असा : निघण्यापूर्वी गुडघे, पोटऱ्या व कंबर एवढ्यांनाच थोडे कोमट तिळतेल वा महानारायण तेल जिरवून, पुसून, हात साबणाने धुवावेत. परतल्यावर घाम सुकू द्यावा, निवात जागी बसून सावकाश मर्दन करावे आणि नंतर उष्णोदकाने स्नान करावे. व्यायामानंतर सुखकर मर्दन वाग्भटसंमतच आहे.

दुसरे तेल सायकलीचे. घरात जे तेल असेल ते चेनमध्ये ओतण्याची आपल्याकडे सवय आहे. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजते. पहाटेच्या १० अंशांत त्याचा चेनमध्ये मेणासारखा थर होतो. जवसाचे तेल हवेने वाळून चिकट पापुद्रा धरते, म्हणून तर ते रंगकामात वापरतात. तिळतेल एवढ्या थंडीत थिजत नाही खरे, पण तेही कालांतराने चिकट होऊन धूळ धरते. चेनसाठी शिवणयंत्राचे वा सायकलीचेच खनिज तेल आणावे. मुदत संपलेल्या नारायण तेलाच्या बाटल्या सायकलीत रिचविण्याचा काटकसरी विचार कोणा औषधालय-मालकाच्या मनात येत असल्यास, त्याने तो सोडून द्यावा.

चेनचे शोधन स्नेहनापूर्वी करावे, हा आपल्या परिचयाचाच क्रम आहे. पावसाळ्याचा चिखल व गंज कार्तिकापर्यंत तसाच राहिलेला असतो. जुन्या दातांच्या ब्रशने रॉकेलमध्ये चेन व फ्रीव्हील घासावेत, फडक्याने कोरडे करावेत, प्रत्येक कडीवर एक थेंब सोडून पायडल उलटे फिरवावे, आणि वरवरचे तेल पुसून टाकावे. हिवाळ्यातील कोरड्या धुळीत अधिक तेल म्हणजे अधिक घाण. चाकांतील छर्रे व ग्रीस मिस्त्रीकडून पावसाळ्यानंतर एकदा पाहून घ्यावेत.

टायरमधील हवा हा दुर्लक्षित विषय आहे. दुपारच्या ३० अंशांत ६० पौंडांपर्यंत भरलेले चाक पहाटेच्या १० अंशांत सुमारे ५५ पौंडांवर येते. कोठेही गळती नसते. थंड हवेचा दाबच कमी असतो. 'रोज हवा जाते' म्हणून नवी ट्यूब घेणारे यामुळेच फसतात. हवा निघतेवेळी, सकाळीच तपासावी. ब्रेकचे रबर कडक वा चकचकीत झाले असल्यास बदलावे. नदीकाठी व घाटात दव पडलेले असते. ओल्या रिमवर पहिला ब्रेक उशिरा लागतो, म्हणून उतारापूर्वी हलके दाबून रिम पुसून घ्यावा. झाडांच्या सावलीतील वळणे दवाने निसरडी असतात, तेथे वळताना ब्रेक दाबू नये.

ऊसगाड्या, दिवा आणि गोक्षुर

पश्चिम महाराष्ट्र व मराठवाड्यात थंडी म्हणजेच गाळपाचा हंगाम. उसाने लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या व बैलगाड्या पहाटेच्या काळोखात रस्त्यावर असतात; कित्येकींस मागे दिवा नसतो, परावर्तकही नसतो. एखादी रस्त्याकडेला पंक्चर होऊन उभी असते, आणि धुक्यात ती दहा-पंधरा पावलांवर येईपर्यंत दिसत नाही. येथे स्वाराने दोन गोष्टी पाहाव्यात : आपल्याला दिसावे आणि आपण दिसावे. पुढे रस्ता उजळील असा पांढरा दिवा व मागे तांबडा दिवा दोन्ही हवेत. पूर्वी पुण्यात दिव्याविना सायकल चालविली तर पोलीस दंड करीत. आता तसे कोणी अडवीत नाही, म्हणून दिवा अनावश्यक झालेला नाही. तपकिरी शाल आणि काळा स्वेटर ही आपली आवडती हिवाळी वस्त्रे अंधारात पूर्णतः अदृश्य असतात. पाठीवर चकाकणारी पट्टी शिवून घेण्यास फार खर्च येत नाही. दाट धुक्यात मात्र कोणताही दिवा पुरेसा नसतो. त्या दिवशी घरीच सूर्यनमस्कार घालावेत.

हिवाळ्यातील पंक्चरचे एक मोठे कारण आपल्याला औषधी म्हणून प्रिय असलेले गोक्षुर आहे. पावसाळ्यात माळावर पसरलेल्या या वेलीची फळे हिवाळ्यात वाळून कठीण होतात. कशीही पडली तरी एक काटा वर राहील, अशी त्यांची रचना असते. मूत्रमार्गासाठी जे फळ आपण आदराने कुटतो, तेच टायरमधून ट्यूबपर्यंत सहज पोहोचते. रस्त्याच्या कच्च्या कडेवरून सायकल घेऊ नये. घेतल्यास घरी येऊन टायरवरून बोट सावधपणे फिरवून काटे काढावेत, कारण आज अर्धा रुतलेला काटा उद्या आत जातो.

औषधनिर्मितीच्या अनेक कारखान्यांत कुटण-दळण व क्वाथाच्या कामास येणारे कामगार सकाळच्या पाळीस सायकलनेच येतात, तेही अंधारात. वरील बहुतेक सूचना सकाळी हौसेने सायकल चालविणाऱ्यांपेक्षा त्यांनाच अधिक लागू आहेत. मालकांनी डिसेंबर-जानेवारीत ही पाळी अर्धा-एक तास उशिरा सुरू करता येते का, ते पाहावे. ते शक्य नसेल तर सायकल-स्टँडपाशी एक चांगला पंप, खनिज तेलाची बाटली व चकाकणाऱ्या पट्टीचे रीळ ठेवावे, आणि क्वाथाच्या भट्टीवर शुंठीच्या पाण्याचे एक पातेले आधीच चढवून ठेवण्यास सांगावे.